आसानवर लावून देतो

माझ्या मुलीने माझ्या तरुणपणाला दहापैकी दोन मार्क दिले, आणि तेही चारचौघांत.

जुईली पुण्याला एका कंपनीत व्हिडिओ गेम तपासायची नोकरी करते. हो, अशी नोकरी असते. मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. दिवसभर खेळायचं, कुठे काय चुकलंय ते साहेबाला सांगायचं, आणि याचा पगार घ्यायचा. उरलेल्या वेळात ती इंटरनेटवर जुन्या गेमांची परीक्षा घेते. आजच्या मापाने ते किती अवघड, किती सोपे, हे ठरवून मार्क देते. दिवाळीला अकोल्याला आली तेव्हा तिने मोठ्या हौसेने मला आपला ताजा लेख दाखवला. विषय होता टोपीवाला. आमचा टोपीवाला!

लेखात लिहिलं होतं: "सोप्या पातळीवर हा गेम मी जेवायच्या सुट्टीत संपवला. अवघड पातळीवर तिसऱ्या दरवाज्याच्या पुढे जाता आलं नाही आणि कुणी गेलं असेल असं वाटत नाही. एक धक्का लागला की जीव गेला, तीन जीव गेले की पुन्हा पहिल्यापासून, मध्ये सेव्ह करायची सोय नाही. याला अवघड म्हणत नाहीत, याला बनवणाऱ्याचा आळस म्हणतात. माझे वडील सांगतात की त्यांची अख्खी गल्ली वर्षानुवर्षं सोप्या पातळीवर खेळली आणि सातवा दरवाजा कुणालाच उघडता आला नाही. यावरून गल्लीबद्दल काय ते समजा. दहापैकी दोन."

काय ते समजा! म्हणजे एकतर बाप थापाड्या, नाहीतर बाप ढ. तिसरा पर्याय कार्टीने ठेवलाच नव्हता.

मी कोर्टासमोर टेबल टाकून बसणारा नोटरी आहे. लोकांचं खरं माझ्या शिक्क्याने खरं होतं. त्या वर्षी तर शिक्क्याला उसंत नव्हती. पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेलेला, आणि माणसं कशाकशाची प्रतिज्ञापत्रं करून न्यायची. पीक गेलं, विहीर आटली, घरातला कर्ता माणूस गेला. धंदा जोरात चालावा आणि त्याचा आनंद मानायची लाज वाटावी, असे ते दिवस होते. समोरचा सांगायचा, मी शिक्का मारायचो, सरकार मानायचं. मानायचं म्हणजे कागद ठेवून घ्यायचं. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या शब्दावर, माझी पोटची पोरगी शिक्का मारायला तयार नव्हती.

"बाबा, चिडू नका ना," ती म्हणाली. "तुम्हीच तर सांगता, रहीमभाई आसानवर लावून द्यायचे म्हणून."

हे खरं होतं. अब्दुल रहीम यांचं ताजनापेठेत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मी नुकताच वकील झालो होतो, म्हणजे दिवसभर रिकामा होतो, आणि घरी लायब्ररीत जातो असं सांगून तिथे बसत होतो. टोपीवाल्याची कॅसेट जपानी. सुरू केली की पडद्यावर एका ओळीत तीन जपानी शब्द यायचे आणि एक बाण. त्या बाणाला हात लावायची आम्हाला मनाई होती. रहीमभाई स्वतः येणार, कॅसेटमध्ये फुंकर मारणार, रिमोट हातात घेणार, बाण सरकवणार आणि म्हणणार, "आसानवर लावून देतो." मग टोपी घातलेला तो एवढासा माणूस धावायला लागायचा, आणि बघता बघता मरायचा. आसानवर मरायचा, हे दुःख मोठं होतं. वर रहीमभाईंची सगळ्यांसाठी एकच हाळी असायची, "आसानवर पन मरते का बे?"

ती हाळी अंगाला चिकटली, खोटं कशाला बोलू? आमच्यात सगळ्यात हुशार होता तो अकोटचा भगवंत. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होता, बोटं विजेसारखी चालायची. एकदा चौथ्या दरवाज्यावर मेला, रहीमभाईंनी हाळी दिली, पोरं हसली. भगवंतने रिमोट खाली ठेवला तो कायमचा. पुढे डिप्लोमाही ठेवला आणि अकोटला निघून गेला. मी सातव्या दरवाज्यापर्यंत गेलो, तिथे कितीदा मेलो ते आता सांगत नाही. त्याच वर्षी मी न्यायाधीशाच्या परीक्षेचा अर्ज भरला आणि परीक्षेला गेलोच नाही. ज्याला आसान जमत नाही तो न्याय काय देणार, असा साधा हिशेब होता. हे मी आजवर माझ्या बायकोला, अनुपमालासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला वाटतं मला ताप आला होता.

तर मी जुईलीला म्हणालो, "तू कॉम्प्युटरवर खेळलीस. ती नक्कल. टीव्हीला जोडायच्या खऱ्या डब्यावर, खऱ्या कॅसेटवर, खऱ्या रहीमभाईंसमोर खेळ, मग बोल."

"रविवारपर्यंत आहे मी," ती म्हणाली. "लावा."

लावा म्हणणं सोपं असतं. रहीमभाईंच्या दुकानात आता त्यांचा शाकीब मोबाइलची कव्हरं विकतो, पण म्हाताऱ्याने डबा, कॅसेट, दोन्ही रिमोट माळ्यावर दुलईत गुंडाळून ठेवले होते. ते मिळालं. अडलं ते आमच्या टीव्हीवर. आमचा टीव्ही भिंतीवरचा चपटा, आणि डब्याच्या वायरी त्याच्या कुठल्याच भोकात जाईनात. इथे आमचे शेजारी देवराव मदतीला आले. देवराव शेतकी खात्यात माती तपासायचे. निवृत्त झाल्यापासून दिसेल ते तपासतात.

"आधी जुनी वायर कापून पाहा," ते म्हणाले. कापली. "आता लाल आन् पिवळं एकात पिळा." पिळलं. टीव्हीतून एक बारीक चर्र असा आवाज आला, आणि आमचा चपटा टीव्ही तेव्हापासून फक्त आवाज ऐकवतो. "म्हंजे दोष टीव्हीत हाय," देवराव म्हणाले आणि चहा पिऊन गेले. अनुपमा काही बोलली नाही. ती अमरावतीची आहे. तिकडच्या बायका बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते.

शेवटी ठरलं की रविवारी रहीमभाई आपला जुना डबा टीव्हीच घेऊन येतील. राहता राहिली लाईट. आमच्या भागात भारनियमन, रविवारी ऐन दुपारी लाईट जाणार. आणि टोपीवाल्याला सेव्ह नाही! लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. तेव्हा मी विजेच्या ऑफिसात गेलो.

तिथे रांग होती. सगळे गावाकडचे. कुणाची मोटर बंद, कुणाच्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. माझ्यापुढचा माणूस टेबलावर दोन्ही हात टेकवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहेब, दोन तास द्या." साहेब मान हलवत होते, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नव्हतं. मग माझा नंबर आला.

"तुमचं काय, वकीलसाहेब?"

"रविवारी दुपारी आमच्याकडची लाईट घालवू नका, एवढंच."

"कारण?"

आता काय सांगू? मागे वळून पाहिलं तर सगळी रांग माझं कारण ऐकायला थांबलेली. मला टोपीवाल्याला सातव्या दरवाज्यातून न्यायचं आहे, हे त्या माणसांसमोर कोणत्या तोंडाने सांगायचं?

"घरगुती आहे," मी म्हणालो.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने भलेपणाने विचारलं, "काहून जी, पोरगी पाह्यले पाव्हणे येऊन राहिले का?"

"हो," मी म्हणालो.

नोटरी आहे मी! एका शब्दात खोटं प्रतिज्ञापत्र करून मोकळा झालो. साहेबांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी लाईनमन श्रावणला हाक मारली. "वकीलसाहेबांकडचे पाहुणे जाईस्तोवर लाईट राहू दे रे." रांगेतला म्हातारा म्हणाला, "सोन्यासारखी सोयरीक जमो," आणि मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

अकोल्यात बातमीला लाईट लागत नाही. संध्याकाळपर्यंत ती आमच्या गल्लीत माणिकबाईंकडे पोचली. माणिकबाई समोर राहतात आणि आमच्या घराचा दरवाजा त्यांच्या घरातून जास्त चांगला दिसतो. रविवारी सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, डब्यात करंज्या घेऊन हजर. पाठोपाठ देवराव इस्त्रीचा सदरा घालून.

"अवो अनुपमाबाई, सांगितलं नाही आमाले!" माणिकबाई म्हणाल्या. "पोरगं काय करते?"

"कोणतं पोरगं?" अनुपमाने विचारलं, आणि माझ्याकडे पाहिलं. जुईलीनेही पाहिलं. मायलेकींचं एकदम पाहणं मी वकिलीच्या आयुष्यात कोणत्याच खंडपीठासमोर सोसलं नव्हतं.

तेवढ्यात ऑटो थांबला. पांढरा कुडता, अत्तराचा वास, आणि मांडीवर टीव्ही घेतलेले रहीमभाई उतरले.

"हे तं आपले रहीमभाई," माणिकबाई बुचकळ्यात पडल्या. "नवरदेव कोठी हाय?"

"इसमें," रहीमभाई टीव्हीवर हात मारून म्हणाले. "टोपी घालून बसला हाय."

जुईली हसायला लागली, आणि मला वाटलं वाचलो. पण ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, एका गेमसाठी माझं लग्न ठरवलंत?" त्यात हसू नव्हतं. "लेखात एक ओळ लिहिली तर तुम्हाला एवढं लागलं. आणि आज माझ्याबद्दल गावभर झालं त्याचं काय?"

मी कापलेली वायर जोडून टीव्हीला लावायला लागलो.

टीव्ही लागला. चॅनेल जुळवताना आधी मुंग्या आल्या, मग आडवे पट्टे, मग देवरावांचा सल्ला, आणि मग एकदम पडद्यावर निळं आभाळ आणि आमची ती धून! रहीमभाईंनी कॅसेट काढून, फुंकर मारून, पुन्हा बसवली. चित्र आलेलं होतं, फुंकरीची काही गरज नव्हती, पण त्याशिवाय त्यांना सुरुवात झाल्यासारखं वाटलं नसतं.

तीन जपानी शब्द आले. बाण डावीकडे होता. जुईली रिमोट घ्यायला पुढे सरकली.

"हात नको लावू बेटा," रहीमभाई म्हणाले. त्यांनी रिमोट घेतला आणि बाण सरकवत सरकवत पार उजवीकडच्या टोकाला नेला. "आसानवर लावून देतो."

"काका, थांबा," जुईली म्हणाली. "तुम्ही नेहमी इथेच लावायचे?"

"नेहमी. शुरुवात तं इथूनच हाय ना."

जुईली पुण्यात जपानी शिकली आहे. कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. ती पडद्यापाशी जाऊन खाली बसली आणि डावीकडच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे सोपं." मधल्यावर ठेवलं. "हे साधारण." मग उजवीकडच्यावर ठेवलं.

"आन् हे?" देवरावांनी विचारलं.

"हे अति कठीण."

सगळ्यांत आधी रहीमभाईंनाच उलगडा झाला. ते पडद्याकडे बघत बसले, बाणाकडे, मग आपल्या हाताकडे. "पण लिखावट तं..." त्यांनी हवेतच उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं. लहानपणापासून जे वाचलं ते उजवीकडून. उर्दू उजवीकडून, कुराणशरीफ उजवीकडून. ही अनजान लिपी आली तेव्हा त्यांनी तिलाही उजवीकडून सुरू केलं. पहिलं ते आसान, शेवटचं ते मुश्कील. आम्ही डावीकडून वाचणारे एवढे दीडशहाणे तिथे बसत होतो, पण बाण कुठे थांबतो ते पाहायची एकालाही अक्कल झाली नाही. आसान म्हटल्यावर पाहायचं काय?

मला आधी आनंद झाला. असा झाला की मी उभाच राहिलो. "ऐकलं का? अति कठीण! सातव्या दरवाज्यापर्यंत! हिने लिहिलंय, माणूस तिथे तिसऱ्याच्या पुढे जात नाही!" देवरावांनी माझा हात हातात घेऊन हलवला. माणिकबाईंनी काय झालं ते न कळता करंजी दिली. करंजीचा घास तोंडात असतानाच मला ती न दिलेली परीक्षा आठवली, आणि उरलेली करंजी मी डब्यात परत ठेवली. म्हणजे मी ढ नव्हतो. हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. आता कळून त्याचं काय लोणचं घालायचं?

"भगवंतचा नंबर हाय का?" रहीमभाईंनी विचारलं.

होता. भगवंत अकोटच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. कापूस घेऊन कधी अकोल्याला आला तर भेटतो. मी फोन लावून दिला. रहीमभाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"भगवंता, मी ताजनापेठेतला रहीम. हाव, जिवंत हाओ. अरे थो टोपीवाला... थे आसान नव्हतं बे. मी उलटं लावून देत होतो. तू मुश्कीलवर खेळत होता, पोट्ट्या. सगळ्यात मुश्कीलवर."

फोनवरून काट्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग भगवंत म्हणाला, तो सगळ्यांना ऐकू आला, "बरं झालं सांगितलं." आणि लगेच, "काट्यावर गाडी हाय रहीमभाई, ठेवतो."

रहीमभाईंनी फोन मला परत दिला. "त्याले मी सगळ्याइसमोर बोललो होतो," ते म्हणाले. "आसानवर पन मरते का बे, म्हनून." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. अनुपमाने पाणी आणून दिलं. जुईली त्यांच्या शेजारी बसली. बाण डावीकडे नेऊन म्हणाली, "काका, एकदा खरंच आसानवर खेळून बघा." दुकानमालक असून रहीमभाई स्वतः जन्मात खेळले नव्हते. त्यांनी टोपीवाल्याला पहिला दरवाजा पार करून दिला, दुसरा दिला, तिसराही दिला. मग रिमोट खाली ठेवला.

"इतकं आसान होतं?" ते म्हणाले. "या अल्ला." आणि त्यांनी डबा बंद करून पुन्हा लावला, फुंकर मारली, बाण उजव्या टोकाला नेला आणि रिमोट माझ्या हातात दिला. "खेळा वकीलसाब. आपल्याले इथलीच आदत हाय."

मी खेळायला बसलो. माझी बोटं काहीएक विसरली नव्हती, हे मी इथे नमूद करतो. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यानंतर जुईली पडद्याजवळ सरकली. चौथा गेला तेव्हा ती उठली आणि कोपऱ्यातल्या माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली.

"काय गं?"

"तुम्ही खेळा. मी लेख दुरुस्त करतेय. पुन्हा सगळा लिहिते." ती खटाखट टाइप करायला लागली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागली. "माझी चूक झाली. माझे वडील थापा मारत नव्हते. ज्याला ते आसान समजत होते ते या खेळातलं सर्वांत अवघड होतं, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. आज मी माझ्या डोळ्यांनी..."

मला पडदा धूसर दिसायला लागला, पण पाचवा दरवाजा मी तसाच पार केला. यापेक्षा मोठा शिक्का आणखी कोणता असतो?

तेवढ्यात खिडकीबाहेर सायकल येऊन थांबली. लाईनमन श्रावण. "माणिकबाई, पाव्हणे गेले का जी?"

"कोठचे पाव्हणे!" एव्हाना आमच्या ओट्यावर जाऊन बसलेल्या माणिकबाईंनी सगळा राग काढला. त्यांच्या करंज्या फुकट गेल्या होत्या. "वकीलसायेब टोपीवाल्याच्या उड्या मारून राहिले!"

श्रावणने खिडकीतून आत पाहिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोललो असतो. तो नुसता म्हणाला, "मंग लाईन तिकडं देतो साहेब. बार्शीटाकळीकडचे लोक सकाळपासून मोटरीपाशी बसून हायेत." मी तोंड उघडलं. दोन तास द्या म्हणणारा तो माणूस डोळ्यांसमोर आला, आणि मी तोंड मिटलं. सायकल गेली. टोपीवाला सहावा दरवाजा पार करून सातव्यासमोर उभा राहिला. रहीमभाई गुडघ्यांवर पुढे सरकले.

"जुईली, ये लवकर!" मी ओरडलो.

"एकच ओळ राहिली, बाबा. गल्लीला किती मार्क देऊ?"

पंखा मंद झाला आणि थांबला. टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरला, तोही गेला. कोपऱ्यातल्या यूपीएसने, ज्याची बॅटरी बदला म्हणून देवराव वर्षभर सांगत होते आणि त्यांनी दिलेला तेवढाच एक सल्ला बरोबर होता, एकदा टुंई केलं आणि कॉम्प्युटरही काळा पडला.

मी रिमोट हातात तसाच धरून मागे वळलो.

"सेव्ह केलं होतंस ना, बेटा?"

जुईली काळ्या पडद्याकडे बघत होती. तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग आता गं?"

"आता काय," ती म्हणाली. "पहिल्यापासून."